निरोप देणाऱ्या गावाचं दुसरं काम

साताऱ्याच्या मुलखात फौजेत निघालेल्या पोराला निरोप कसा द्यायचा, हे कुणाला शिकवावं लागत नाही. एस.टी.च्या वेळेआधीच फाट्यावर माणसं जमतात. आई हातावर दही घालते, थोरली भावजय ओवाळते, एखादा म्हातारा काही न बोलता शर्टाच्या खिशात नोट कोंबतो. काळी ट्रंक गाडीत चढली की बापाचा आवाज उगाचच मोठा होतो. अशा वेळी कंडक्टरही घाई करत नाही. बहुधा त्याच्याही घरातलं कुणीतरी असंच गेलेलं असतं.

हे जाणं या मातीत फार जुनं आहे. अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' कायमचं लागलं, कारण पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान परत आले नाहीत. त्यांचा स्मृतिस्तंभ आजही गावात उभा आहे. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातली टाकळी 'सैनिक टाकळी' झाली. १९१६ साली मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात अन्नावाचून खंगलेल्या फौजेत मराठा पलटणी होत्या. ज्या घरांनी समुद्रही पाहिला नव्हता, त्या घरांत बसऱ्याचं नाव पोचलं ते असं. जाणाऱ्याला ओवाळायचं, आणि नाहीच परतला तर त्याच्या नावाचा दगड उभा करायचा. तो दगडही एक निरोपच. निरोपाची ही रीत गावांनी शंभर वर्षं मनापासून पाळली.

पण बहुतेक जण परत येतात. शिपाई म्हणून भरती झालेला माणूस पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होऊन घरी येतो. हार घालतात, ट्रॅक्टरवरून मिरवणूक निघते, पारावर दोन भाषणं होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठतो तेव्हा त्याच्यापुढे अर्धं आयुष्य उरलेलं असतं आणि पुढे काय करायचं याची रीत कुणाकडेच नसते. माझं मन वारंवार जातं ते या दुसऱ्या दिवसाच्या सकाळकडे.

आमच्या शेजारचे काका फौजेत होते. लहानपणी काकींची त्यांना जाणारी पत्रं मी लिहून देत असे. काकींना अक्षर नव्हतं, पण पत्रात काय असावं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हशीचं, विहिरीच्या पाण्याचं, सासऱ्यांच्या खोकल्याचं सांगायचं. स्वतःच्या तापाचं मात्र लिहू द्यायच्या नाहीत. मजकूर संपला की त्या पाठ असलेला पत्ता सांगू लागत. आधी नंबर, मग हुद्दा, नाव, पलटण, आणि शेवटी '५६ ए.पी.ओ.' त्या पत्त्यात गाव नसे, जिल्हा नसे, राज्य नसे. काका लडाखात आहेत की आसामात, हे पत्र टाकणाऱ्यालाही कळायचं नाही. तरी पत्र पोचायचं. बर्फात पोचायचं, जंगलात पोचायचं, पलटण हलली तर तिच्या मागोमाग जायचं.

त्या पत्त्याचं मला तेव्हा फार नवल वाटे. आज वाटतं, फौजेतल्या आयुष्याचं मर्मच त्यात होतं. तिथे व्यवस्था माणसाला शोधत येते. आजारी पडलास तर एम.आय. रूम आहे. लग्न झालं, मूल झालं, तर ते पार्ट टू ऑर्डरमध्ये चढवायला बाबू आहे. घरी काही बिनसलंय हे चेहऱ्यावरून ओळखणारा सुभेदार आहे. सैनिक संमेलनात उभं राहून अडचण सांगता येते, आणि ती ऐकून घेणं कुणाचं तरी ठरलेलं काम असतं.

निवृत्त झाला की माणसाला गावाचा पक्का पत्ता मिळतो, आणि त्याच दिवसापासून त्याला शोधत येणारं कुणी उरत नाही. आता सगळं त्यानेच शोधायचं. पेन्शनचं 'स्पर्श' प्रणालीत, औषधाचं ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमध्ये, सामानाचं कँटीनमध्ये, ओळखपत्राचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात, मुलीच्या शिष्यवृत्तीचं केंद्रीय सैनिक बोर्डाकडे, घरपट्टीच्या सवलतीचं ग्रामपंचायतीत. प्रत्येक दार वेगळ्या गावी, प्रत्येकाचे कागद वेगळे. हुकूम पाळायची सवय झालेल्या माणसाला खिडकीपुढे उभं राहून मागणं जड जातं. 'उद्या या' म्हटलं की तो उद्या येतो. परत तेच ऐकलं की पुन्हा येत नाही. त्याच्या न येण्यात किती अभिमान आणि किती दमणूक आहे, हे खिडकीआडून दिसत नाही.

देशाने यांच्यासाठी काही केलं नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. २००३ च्या एप्रिलपासून माजी सैनिकांसाठी आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे. मुलामुलींच्या व्यावसायिक शिक्षणासाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे. राज्याच्या क आणि ड गटातल्या नोकऱ्यांत माजी सैनिकांसाठी १५ टक्के जागा आहेत. जिल्ह्याच्या गावी शिकायला येणाऱ्या जवानांच्या मुलांसाठी वसतिगृहं आहेत. पेन्शन बसण्याइतकी वर्षं न भरता घरी आलेल्या, वयाची ६५ वर्षं ओलांडलेल्या, हवालदारापर्यंतच्या हुद्द्याच्या गरीब सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक बोर्ड निर्वाहासाठी मदत देतं. दुसरं महायुद्ध संपल्यावर पेन्शनशिवाय घरी पाठवलेल्यांसाठी आणि त्यांच्यामागे राहिलेल्या बायकांसाठी राज्य शासनाचं मासिक अनुदान आहे.

ही यादी वाचताना मला दरवेळी एकच गोष्ट टोचते. ज्यांना मदतीची गरज सर्वांत जास्त, त्यांच्याकडे कागद सर्वांत कमी. पेन्शन असलेल्या सुभेदाराकडे फाइल असते, मोबाइल असतो, शिकलेला मुलगा असतो. पाच-सात वर्षं नोकरी करून काही कारणाने परतलेल्या शिपायाकडे पत्र्याच्या पेटीतलं एक वाळवी लागलेलं डिस्चार्ज बुक असतं. त्याच्या विधवेकडे तेही नसतं. ते कुठल्या तरी पावसाळ्यात भिजून गेलेलं असतं, आणि ते इतकं मोलाचं होतं हे तिला कधी कुणी सांगितलेलंच नसतं.

काकींचंही असंच झालं. काका निवृत्तीनंतर बरीच वर्षं जगले, शेतीत रमले आणि एका हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने गेले. दिवस-कार्य झालं, पाहुणे पांगले आणि पेन्शन थांबली. कुटुंब निवृत्तिवेतनावर काकींचा हक्क होता, पण काकी नावाची बाई कागदोपत्री एक नव्हती. आमच्याकडे लग्नात नवरीचं नवं नाव ताटातल्या तांदळांत अंगठीने लिहितात. ते नाव गावाने मानलं, मतदारयादीने मानलं, आधार कार्डानेही मानलं. काकांनी मात्र तरुणपणी रेकॉर्डला लिहून दिलं होतं ते माहेरचं नाव. त्यात इंग्रजी स्पेलिंगने आणखी एक फाटा फोडलेला. एका कार्यालयाने दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्याने प्रतिज्ञापत्र मागितलं, प्रतिज्ञापत्र झालं तर राजपत्रात नाव छापून आणायला सांगितलं. काकी प्रत्येक वेळी इरकल नेसून, डोक्यावर पदर घेऊन एस.टी.ने जायच्या आणि संध्याकाळी परत आल्यावर कुणी विचारलं तर म्हणायच्या, "हुईल."

मग एक दिवस एक गृहस्थ मोटरसायकलवरून वाड्याशी आले. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे कल्याण संघटक. अख्ख्या जिल्ह्याच्या मानाने अशी माणसं मूठभर असतात, आणि बहुतेक जण स्वतः फौजेतून आलेले. तालुक्या-तालुक्यांत फिरायचं, माजी सैनिकांना, वीरनारींना, विधवांना भेटायचं, कुणाचं काय अडलंय ते ऐकायचं आणि तो कागद पुढे सरकेपर्यंत त्याच्या मागे राहायचं, हे त्यांचं काम. ते गृहस्थ ओट्यावर टेकले, पाणी प्यायले, कोपऱ्यातल्या फोटोतल्या काकांना हात जोडले आणि मग म्हणाले, "मावशी, मेजरांचा नंबर आठवतोय का?"

काकींनी एका दमात नंबर सांगितला.

कितीतरी वर्षं तो नंबर त्या मला सांगत आल्या होत्या आणि मी पत्रांवर उतरवत आले होते. त्यांच्या लेखी तो नवऱ्याकडे जाणारा रस्ता होता. आकडे लिहिता न येणाऱ्या बाईच्या ओठांवर तो जसाच्या तसा राहिला होता. संघटकांनी तो डायरीत लिहून घेतला आणि पहिल्यांदाच हसले. म्हणाले, "झालं मग. नंबर आहे म्हणजे मेजर सापडले. मेजर सापडले म्हणजे तुम्हीपण सापडाल."

रेकॉर्ड ऑफिस बेळगावला. तिथे पत्र गेलं, जुन्या नोंदी निघाल्या, दोघांचा एकत्र काढलेला एक फोटो आमच्या घरातल्या अल्बममध्ये मिळाला, दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं सरपंचांनी आणि दोन माजी सैनिकांनी लिहून दिलं. वेळ लागला, पण पेन्शन सुरू झाली. मागची थकबाकीही मिळाली. या सगळ्यात एकही नवा कायदा करावा लागला नाही, कुणाला विशेष सूट द्यावी लागली नाही. हक्क आधीपासून होता. हक्क आणि काकी यांच्यामधलं अंतर चालून यायला एक माणूस लागला.

तेव्हापासून मला वाटतं, योजना मंत्रालयात जन्मत असेल, पण घरात शिरते ती कुणाच्या तरी पायांनी. आणि ते पाय फक्त सरकारी असावेत असं कुठे आहे? आमच्या भागात एक निवृत्त सुभेदार आहेत. बाजाराच्या दिवशी ते तालुक्याच्या एस.टी. स्टँडजवळ ओळखीच्या दुकानाच्या फळीवर बसतात. पिशवीत कोरे फॉर्म, स्टॅम्प पॅड, पेनं. ज्याला 'स्पर्श'चं कोडं पडलंय तो त्यांच्याकडे येतो. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा असतो आणि आयुष्यभर माती-दगडांत झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत. आता चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय आहे, हे ते समजावून सांगतात आणि स्वतःच्या मोबाइलवर करूनही देतात. पैसे घेत नाहीत. कुणी आग्रह केलाच तर चहा पितात. पलटणीतलं सैनिक संमेलन त्यांनी त्या फळीवर भरवलंय, असं मला त्यांच्याकडे पाहताना वाटतं.

देहावरच्या जखमांसाठी पुण्याने फार मोठं काम करून ठेवलं आहे. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्यांना हाताला काम शिकवण्यासाठी १९१७ साली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. पुढे ती मुंबईहून खडकीला आली आणि आजही अपंगत्व आलेल्या जवानांना शिकवते. १९४४ सालचं कृत्रिम अवयव केंद्र पुण्यात आहे. कंबरेखालचं अंग लुळं पडलेल्या जवानांसाठी १९७४ पासून खडकीला पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. तिथे चाकांच्या खुर्च्यांवर बास्केटबॉल रंगतो, कुणी तोंडात कुंचला धरून चित्रं काढतो. सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर यांना १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि पाय लुळे पडले. त्यांनी पाण्याचा आसरा घेतला, आणि १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर पोहण्याचं सुवर्णपदक जिंकलं. पॅरालिम्पिकमधलं ते भारताचं पहिलं सुवर्ण. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये. पदकामागची जिद्द सगळ्यांना दिसते. मला त्यामागचे कितीतरी अनाम हात दिसतात, ज्यांनी त्या तरुणाला रोज उचलून पाण्यात सोडलं असेल आणि पुन्हा उचलून बाहेर काढलं असेल.

न दिसणाऱ्या जखमांचं काय करायचं, हे मात्र गावाला अजून उमगलेलं नाही. परतलेला माणूस पहाटे साडेचारला उठतो, धरणापर्यंत चालून येतो, पारावर बसून पलटणीतले गमतीचे किस्से सांगतो. गमतीचेच सांगतो. घरात इतकी वर्षं सगळे निर्णय बायकोने घेतलेले असतात. वाटणीच्या भांडणात तीच उभी राहिलेली, मुलाला दवाखान्यात रात्री तिनेच नेलेलं, बँकेचं कर्ज तिनेच फेडलेलं. आता तो काही विचारतो, तेव्हा मुलं उत्तर देण्याआधी आईकडे बघतात. ते बघणं त्याला कळतं. दोघांचं चुकत काहीच नसतं. एकमेकांवाचून जगायला ती दोघं नीट शिकलेली असतात आणि आता त्यांना एकत्र राहायला शिकायचं असतं. कधी या अवघडलेपणात बाटली शिरते, कधी अबोला शिरतो. गाव म्हणतं, मेजर तापट आहेत.

अशा वेळी बोलायला कुणी हवं. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक कुणालाही लावता येतो. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात सैन्यदलातल्या लोकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी टेलि-मानसचा खास कक्षही सुरू झाला. हा क्रमांक प्रत्येक गावच्या आशाताईंना, शाळेतल्या बाईंना, देवळाच्या पुजाऱ्याला ठाऊक असायला हवा. कारण मेजर स्वतःहून फोन लावणार नाहीत. त्यांच्या शेजारी बसून "आपण दोघं बोलू या की" म्हणणारं कुणी लागेल.

सेवेत असलेल्यांची चिंता वेगळी. सुट्टीवर घरी यावं तर बांध सरकलेला, सातबाऱ्यावर भलतीच नोंद, कोर्टाची तारीख नेमकी सुट्टी संपल्यावरची. सीमेवर उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीमागे त्याची जमीन हलत असते. यासाठी १९२५ सालचा कायदा आहे. विशेष परिस्थितीत सेवा बजावणाऱ्या सैनिकाच्या गैरहजेरीत त्याच्याविरुद्ध निकाल लागू नये म्हणून दाव्याचं कामकाज थांबवण्याची तरतूद त्यात आहे. शंभर वर्षांचा हा कायदा खेड्यातल्या किती घरांना माहीत असेल? २६ जुलै २०२५ रोजी, कारगिल विजय दिनी, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने 'वीर परिवार सहायता योजना' सुरू केली. सैनिक बोर्डांच्या कार्यालयांतच कायद्याचा सल्ला मिळावा, हा तिचा हेतू. मला ही कल्पना मनापासून आवडली. जवानाच्या बायकोने वकील शोधत फिरायचं नाही. जिथे ती ओळखपत्राचं विचारायला येते, तिथेच वकील बसलेला असेल. पण तालुक्यातून तिथवर तिने यावं, यासाठी पुन्हा कुणीतरी तिच्या दारात जाऊन सांगायला हवं.

१९४९ पासून दर वर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. लाल, गडद निळा आणि फिकट निळा, अशा तीन पट्ट्यांचे छोटे ध्वज शाळेत येतात. मी शिक्षिका होते तेव्हा मुलं ते घरोघर घेऊन जात आणि चिल्लर मोजून आणून देत. तो निधी खरोखर कामी येतो, शिक्षणाला, आजारपणाला, घराच्या दुरुस्तीला. तो द्यावाच. तरी मला नेहमी वाटत आलं, की त्या दिवशी मुलांनी नाणी घेऊन परत यावं आणि सोबत माहितीही आणावी. आपल्या वाडीत फौजेतून कोण कोण आलं, कोण एकटं राहतं, कुणाची पेन्शन अडली आहे, कुणाच्या ओळखपत्राची मुदत संपली आहे, कुणाच्या नातीला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा आहे. दहावीतली मुलगी मोबाइलवर तो अर्ज आजोबांच्या शेजारी बसून भरू शकते. त्यातून आजोबांचं काम होईल, आणि तिला या माणसाच्या छातीवरच्या पट्ट्यांचा अर्थ कळेल.

जिल्हाधिकारी जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष असतात. म्हणजे जिल्ह्याच्या टोकाला व्यवस्था आहे. गावाच्या टोकाला ती नाही, आणि ती उभी करायला सरकारच्या हुकमाची वाट पाहायची गरज नाही. दर गावात एक माणूस नेमावा, ज्याच्याकडे जिल्हा कार्यालयाचा फोन नंबर असेल, संघटकांच्या दौऱ्याचा वार ठाऊक असेल, आणि एखाद्या विधवेबरोबर तालुक्याला जायची तयारी असेल. हा माणूस माजी सैनिकच हवा असं नाही. ग्रामसेवक चालेल, पोस्टमन चालेल, बचत गटाची अध्यक्ष तर सर्वांत उत्तम. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर रस्ता, गटार, पाणीपट्टी यांच्या जोडीला वर्षातून एकदा आणखी एक विषय यावा: गावातले सैनिक, त्यांची कुटुंबं आणि त्यांची राहिलेली कामं. नावं वाचली जावीत. प्रत्येक नावापुढे, हे काम कोण करणार, तेही त्याच बैठकीत ठरावं. पुढच्या वर्षी त्याच वहीतून हिशेब विचारला जावा. अपशिंग्याचे ४६ जवान शंभर वर्षं विसरू न देणाऱ्या मुलखाला जिवंत माणसांची एवढी वही ठेवणं अवघड नाही.